ओल्या सकाळी अडणारी गाडी आणि अकरा वाजता येणारा मेस्त्री

प्रश्न : आमच्याकडे १९९७ सालची, कार्बोरेटरची मारुती ८०० आहे. उन्हाळ्यात ती पहिल्याच सेल्फला सुरू होते. पण मृगाचा पाऊस लागला की सकाळी सातच्या सुमारास सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन मात्र पकडत नाही. उघाड मिळून अकरा वाजले की तीच गाडी काहीही न करता सुरू होते. गेल्या पावसाळ्यात मेस्त्रींच्या सांगण्यावरून नवी बॅटरी घातली, यंदा कार्बोरेटर खोलून साफ करून घेतला, आणि आता ते कार्बोरेटरच बदलायला सांगत आहेत. यजमानांना पेसमेकर बसवलेला आहे. त्यांना तपासणीसाठी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) न्यावे लागते आणि त्यासाठी सकाळी लवकरच निघावे लागते. गाडीला शेड नाही. अंगणात प्लास्टिकचे कव्हर घालून ठेवतो. ही गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे, की विकून टाकावी?
– एक निवृत्त शिक्षिका, डिचोली तालुका

सप्रेम नमस्कार.

आपली गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे, आणि आपल्या पत्रात दिलेल्या लक्षणांवरून पाहता ही दुरुस्ती मोठ्या खर्चाचीही नसावी. नवा कार्बोरेटर मात्र तूर्त घेऊ नये. आपण दोन गोष्टी अगदी नेमक्या लिहिल्या आहेत : सेल्फ जोरात फिरतो, आणि अकरा वाजता गाडी काहीही न करता सुरू होते. बिघाड कुठे आहे आणि कुठे नाही, हे या दोन वाक्यांनी बरेचसे सांगून टाकले आहे.

पेट्रोलच्या इंजिनाला सुरू होण्यासाठी योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा लागते, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब लागतो आणि नेमक्या क्षणी प्लगवर ठिणगी पडावी लागते. सकाळी सात ते अकरा या चार तासांत टाकीतले पेट्रोल बदलत नाही, पिस्टनच्या रिंगा बदलत नाहीत, कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा असेल तर तोही आपोआप निघून जात नाही. या चार तासांत बदलते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे बॉनेटखालची ओल वाळते. म्हणून ज्या भागाचे काम ओलीमुळे बिघडते आणि वाळल्यावर सुधारते, तोच भाग पहिला तपासायला हवा. तो भाग म्हणजे ठिणगी तयार करून प्लगपर्यंत पोहोचवणारी उच्च दाबाची विद्युतयंत्रणा : कॉइल, प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूटर, त्याची कॅप, आत फिरणारा रोटर, प्लगच्या जाड वायरी आणि स्वतः प्लग.

बॅटरीची वीज केवळ १२ व्होल्टची असते. कॉइल तिचा दाब वाढवून साधारण १५ ते २० हजार व्होल्टपर्यंत नेते, कारण दाबलेल्या हवेतून एक मिलिमीटरहूनही कमी असलेले प्लगचे अंतर ओलांडण्यासाठी एवढा दाब लागतो. इतक्या दाबाच्या विजेला आवरून धरण्याचे काम वायरीवरचे रबर, कॅपचे कठीण प्लास्टिक आणि प्लगची पांढरी चिनी माती करतात. हे आवरण नवे, अखंड आणि स्वच्छ असेल तर त्यावर पाणी उडाले तरी सहसा काही होत नाही. पण वीस-पंचवीस वर्षांत रबर कडक होते, त्याला केसासारख्या भेगा पडतात, त्या भेगांत धूळ बसते, आणि ती धूळ ओली झाली की विजेला इंजिनाच्या धातूपर्यंत जाणारी एक जवळची वाट मिळते. मळ्याच्या बांधाला खेकड्याने बीळ पाडले की पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचत नाही, तसेच इथे होते : कॉइल आपले काम चोख करते, पण वीज प्लगवर पोहोचण्याआधीच वाटेत गळून जाते.

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. शुद्ध पाणी विजेचे फारसे वहन करत नाही; त्यात विरघळलेले क्षार आणि मळ ते काम करतात. गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हवा दिवसरात्र दमट असते, किनाऱ्याकडच्या गावांत वाऱ्याबरोबर खारटपणा येतो, आणि आपल्या डिचोली भागात खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यांवरची तांबडी धूळ उन्हाळाभर बॉनेटखाली साचत राहते. कोरडी असेपर्यंत ही धूळ निरुपद्रवी असते. जूनमध्ये ती ओलसर झाली की तिचा पातळ थर वायरींवर आणि कॅपवर चिकटून बसतो आणि गळतीला वाट करून देतो. म्हणूनच आपल्याकडे हा बिघाड पहिल्या पावसाबरोबर एकदम प्रकट होतो. पावसाने तो निर्माण केलेला नसतो. झिजलेले आवरण मे महिन्यातही तसेच होते.

आता मेस्त्रींविषयी. त्यांनी आपल्याला मुद्दाम फसवले असे मला वाटत नाही. आपण सकाळी फोन करता, ते दहा-साडेदहाला येतात किंवा आपण गाडी अकरा वाजता त्यांच्याकडे नेता, आणि तोवर गाडी वाळून सुरू झालेली असते. त्यांनी आपली गाडी ज्या स्थितीत अडते त्या स्थितीत बहुधा एकदाही पाहिलेली नाही. समोर चालू इंजिन असताना न दिसणाऱ्या दोषाचा अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज बांधायचा झाला की जुन्या गाडीत बोट हमखास बॅटरीकडे नाहीतर कार्बोरेटरकडे जाते. यावरचा उपाय सरळ आहे. गाडी ओली असतानाच तपासली गेली पाहिजे. त्यासाठी पावसाळी रात्री गाडी त्यांच्या गॅरेजच्या आवारात उघड्यावर ठेवून सकाळी त्यांनीच पहिला सेल्फ मारावा, अथवा कोरड्या गाडीवर मुद्दाम ओल तयार करून पाहावी.

ही दुसरी तपासणी घरच्या अंगणातही करता येते. मात्र त्याआधी एक सूचना कृपया काटेकोरपणे पाळावी : यजमानांनी या तपासणीच्या वेळी गाडीजवळ थांबू नये. चालू इंजिनाच्या उच्च दाबाच्या विजेभोवती जे क्षेत्र तयार होते, त्याचा पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. म्हणून पेसमेकर असलेल्या व्यक्तीने चालू इंजिनावर वाकणे किंवा त्याच्या वायरींना हात लावणे कायमच टाळायचे असते. गाडीत बसून प्रवास करण्याला याची काही आडकाठी नाही.

अंधार पडल्यावर गाडी सुरू करून न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करावी. अंगणातला दिवा मालवून बॉनेट उघडावे आणि दोन-तीन मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत. मग कुंड्यांवर पाणी फवारण्याची लहान बाटली घेऊन, जरा लांबून, प्रथम एका प्लगच्या वायरीवर धुक्यासारखी फवारणी करावी. एअर फिल्टरच्या तोंडाकडे पाणी जाऊ देऊ नये. वायर गळकी असेल तर तिच्यावरून धातूकडे उडणारी निळसर रेघ दिसते, बारीक टकटक ऐकू येते आणि त्याच क्षणी इंजिन अडखळू लागते. काही दिसले नाही तर पुढची वायर, मग तिसरी, मग कॉइलकडून येणारी मधली वायर, मग कॅप आणि शेवटी कॉइलचे तोंड, अशा क्रमाने एकेका भागावर फवारावे. एकदम सगळीकडे पाणी मारले तर इंजिन बंद पडेल, पण नेमके कशामुळे ते कळणार नाही. या सगळ्या वेळात कोणत्याही वायरीला हात लावायचा नाही, साडीचा पदर किंवा ओढणी पट्ट्याजवळ जाऊ द्यायची नाही. या गाडीच्या रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन तापले की तो आपोआप सुरू होतो, हेही ध्यानात ठेवावे. हे सारे स्वतः करण्याचा धीर होत नसेल तर मेस्त्रींना एका संध्याकाळी बोलावून हीच तपासणी आपल्यासमोर करायला सांगावी. ज्याला हे काम येते तो ती लगेच करून दाखवील.

ज्या सकाळी गाडी खरोखर अडेल, त्या सकाळी आणखी एक परीक्षा करता येते, आणि ती मेस्त्रींनीच केलेली बरी. एका प्लगची वायर काढून तिला जवळचा एक जादा प्लग जोडावा, त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून ठेवावा आणि सेल्फ मारावा. निळसर, चटचटीत ठिणगी पडते की पिवळसर, मलूल पडते, की पडतच नाही, हे पाहावे. वायर नुसती मोकळी लोंबत ठेवून सेल्फ मारू नये. इलेक्ट्रॉनिक इग्निशन (कॉइलची वीज इलेक्ट्रॉनिक भागाने तोडणारी पद्धत) असेल तर त्याचे मॉड्यूल त्यामुळे निकामी होऊ शकते. आणि बाहेर बरी ठिणगी दिसली म्हणून निर्धास्तही होऊ नये. उघड्या हवेत ठिणगी पडणे सोपे असते; सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असल्याने तिथे विजेचा बराच जास्त दाब लागतो, आणि थोडीफार गळती असली तरी बाहेर पडणारी ठिणगी आत पडत नाही.

माझा पहिला संशय डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपवर आहे. सिलिंडर हेडच्या टोकाला बसवलेले हे वाटीसारखे झाकण आहे. कॉइलकडून येणारी एक आणि तीन प्लगांकडे जाणाऱ्या तीन, अशा चार वायरी त्याला जोडलेल्या असतात. कॅप काढण्यापूर्वी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा आणि वायरी काढायच्या झाल्यास एका वेळी एकच काढून तिथेच परत बसवावी, कारण दोन वायरींची अदलाबदल झाली तर कोरड्या उन्हातसुद्धा गाडी सुरू होणार नाही. कॅप उलटी करून उजेडात धरली की आत तीन बाजूंना तीन धातूचे टोक आणि मध्यभागी स्प्रिंगवर दबणारा कोळशाचा लहानसा तुकडा दिसतो. संध्याकाळी तापलेल्या इंजिनाभोवतीची दमट हवा रात्री थंड होते तेव्हा या वाटीच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमतात. आपल्या सकाळच्या बिघाडाचे मूळ पुष्कळदा इथेच असते. कोरड्या सुती कापडाने आतली बाजू पुसून घ्यावी आणि मग नीट न्याहाळावे. दोन टोकांच्या मध्ये, किंवा टोकापासून कॅपच्या काठापर्यंत, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी, फांद्या फुटलेली रेघ दिसली तर वीज तिथून वाहून प्लास्टिक जळाले आहे असे समजावे. ही रेघ म्हणजे कार्बनच असतो आणि कार्बन विजेचा वाहक आहे. ती खरवडून किंवा घासून जात नाही. काही दिवस गेली असे वाटते आणि पुढच्या पावसात परत उमटते. अशी कॅप बदलावीच लागते, आणि कॅप बदलताना रोटरही बदलावा. कॅपला तडा आहे का, मधला कोळसा झिजून आखूड झाला आहे का, कॅपच्या काठाखालचे रबराचे सील जागेवर आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. वारंवार खोलल्या गेलेल्या जुन्या गाड्यांत हे सील कुठल्या तरी गॅरेजमध्ये हरवलेले असते आणि त्याच्या जागी कोणी काहीच घातलेले नसते.

आपल्या गाडीत पॉइंट आणि कंडेन्सर (कॉइलची वीज उघडझाप करून तोडणारी जुनी जोडी) आहेत की इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हे कॅप काढताच कळेल. पॉइंट असतील तर दमट हवेत त्यांच्या तोंडांवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. तो साफ करून अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवावे लागते. पॉइंटवर खड्डे पडले असतील तर घासत न बसता पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे घालावेत.

कॅपनंतर वायरी. त्या दिसायला चांगल्या असल्या तरी बोटात हलक्या वाकवून पाहाव्यात. रबर कडक लागले, बारीक भेगा उघडल्या किंवा प्लगवर बसणारी टोपी सैल झाली असेल तर पूर्ण संच बदलावा. मल्टिमीटर असेल तर एकेका वायरीचा रोध, म्हणजे तिच्यातून जाताना विजेला होणारा अडथळा, मोजता येतो. एवढ्या आखूड वायरीचा रोध २० हजार ओहमच्या वर गेला तर ती थकली असे धरावे. मात्र रोध बरोबर आला म्हणजे आवरणही चांगले आहे असे होत नाही, कारण हे मोजमाप वायरीच्या गाभ्याचे असते आणि आपला संशय तिच्या सालीवर आहे. नव्या वायरी बसवताना टोप्यांच्या आत विजेचे वहन न करणारे सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावावे. त्याने ओल आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी टोपी ओढताना वायर तुटतही नाही. पावसाळ्यात ऊब शोधत बॉनेटखाली येणारे उंदीर याच वायरी कुरतडतात, म्हणून दातांच्या खुणा आणि पालापाचोळ्याचे घरटे यांचाही शोध घ्यावा. प्लगविषयी फार सांगण्यासारखे नाही : अंतर साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावे, पांढरा भाग बाहेरून स्वच्छ आणि अखंड असावा, आणि बरेच दिवस बदलले नसतील तर या निमित्ताने बदलून टाकावेत.

हे सारे एकदम विकत घेण्याची गरज नाही. फवारणीत जो भाग दोषी ठरेल तोच आधी बदलावा, आणि बदलल्यानंतर पुन्हा त्याच जागी, तशीच फवारणी करून पाहावी. इंजिन एकसुरी चालत राहिले तर काम झाले. ओल्यात सापडलेला दोष गेला आहे हे ओल्यातच सिद्ध व्हायला हवे. अकरा वाजता गाडी सुरू झाली म्हणून दुरुस्तीचे पैसे देऊन मोकळे होऊ नये.

बॅटरीवर केलेला खर्च अगदीच वाया गेला असे मानू नये. सेल्फ फिरताना बॅटरीचा दाब खाली येतो, तितक्या प्रमाणात कॉइलला मिळणारा दाब कमी होतो आणि ठिणगी आणखी मलूल होते. म्हणून अशक्त बॅटरी आणि ओलसर वायरी एकत्र आल्या की गाडी हमखास अडते. आपली बॅटरी नवी असली तरी तिच्या टोकांवर हिरवट-पांढरी पूड जमली आहे का, आणि बॅटरीपासून बॉडीला व इंजिनाला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या गंजल्या आहेत का, ते पाहून घ्यावे. पूड असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने टोके धुवावीत, पुसून कोरडी करावीत आणि घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावावे. केबल काढताना ऋण टोक आधी सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दिसायला हवा, आणि इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.४.

कार्बोरेटर पूर्णपणे निर्दोष आहे असे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण तो बदलण्याएवढा वाईट असता तर गाडी अकरा वाजताही कुरकुरली असती, चढावर मान टाकली असती, किंवा उभी असताना बंद पडली असती. यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही. एक शक्यता मात्र खरी आहे : ठिणगी नसताना चोक ओढून वारंवार सेल्फ मारला की पेट्रोल सिलिंडरमध्ये साचते आणि प्लग भिजतात. मग पेट्रोलचा वास येतो, मेस्त्री येतात, प्लग काढून भिजलेला पाहतात आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो असा निष्कर्ष काढतात. तसे खरोखर होत असेल तर ते उन्हाळ्यातही व्हायला हवे. भिजलेला प्लग हा इथे बहुधा परिणाम आहे, कारण नव्हे. राहता राहिला पेट्रोलचा प्रश्न. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि १९९७ च्या गाडीचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत. म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि टाकीच्या झाकणाचे सील वर्षातून एकदा तपासून घ्यावे. नळी फुगलेली, मऊ पडलेली किंवा ओलसर दिसली तर ती त्वरित बदलावी, कारण तिथे प्रश्न आगीचा आहे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी फार रिकामी ठेवू नये. आपल्या सकाळच्या तक्रारीशी मात्र याचा संबंध दिसत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत एखाद्या सकाळी गाडी अडलीच, तर दहा सेकंदांहून जास्त सलग सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट जाऊ द्यावा. दोन-तीन प्रयत्नांत इंजिनाने पकडले नाही तर थांबावे. चावी काढून बॉनेट उघडावे, कॉइलचे तोंड, वायरी आणि कॅपची बाहेरची बाजू कोरड्या कापडाने पुसावी, शक्य असल्यास कॅप उघडून आतूनही पुसावी. केस वाळवण्याचे यंत्र घरात असेल तर त्याची कोमट हवा काही मिनिटे द्यावी. पण पेट्रोलचा वास येत असेल तर ते यंत्र मुळीच वापरू नये, आधी वास पूर्ण जाऊ द्यावा. डब्ल्यूडी-४० सारखा पाणी हटवणारा फवाराही चालतो. मात्र तो ज्वलनशील असल्याने फवारल्यावर बॉनेट उघडे ठेवून तो उडून जाईपर्यंत थांबावे आणि नंतरच सेल्फ मारावा. प्लग भिजल्याची शंका असेल तर चोक पूर्ण आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून एक सेल्फ मारावा. जास्त हवा आत जाऊन साचलेले पेट्रोल निघून जाते. गाडीला धक्का मारण्यात काही अर्थ नाही. धक्क्याने इंजिन फिरते, आणि आपले इंजिन सेल्फने फिरतेच आहे.

प्लास्टिकचे कव्हर मात्र पावसाळाभर काढून ठेवावे असे मी आग्रहाने सुचवीन. वरून पाणी येऊ नये म्हणून आपण ते घालता, पण भिजलेल्या अंगणातून वर येणारी वाफ त्याच्या आत कोंडली जाते आणि गाडी रात्रभर दमट हवेत उभी राहते. त्यापेक्षा चार खांबांवर पत्र्याचे, बाजूंनी मोकळे छप्पर पुष्कळ बरे. तेवढे शक्य नसेल तर निदान बॉनेटवर सरी थेट पडणार नाहीत आणि खाली डबके साचणार नाही अशी जागा शोधावी. पावसातून घरी आल्यावर, वरून आडोसा असेल तर, बॉनेट अर्धा तास उघडे ठेवावे, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेने ओल बाहेर निघून जाते. आठवड्यातून दोन-तीनदा गाडी वीस मिनिटे तरी रस्त्यावर चालवावी. अंगणातच पाच मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने ते पुरेसे तापत नाही आणि उलट आत ओल धरते. मे महिन्यात बॉनेटखालची तांबडी धूळ ओलसर फडक्याने हलक्या हाताने पुसून घ्यावी. सर्व्हिस स्टेशनवर जोराच्या पाण्याने इंजिन धुऊन घेण्याचा मोह टाळावा. जे पाणी पावसात कधी पोहोचले नसते, ते त्या फवाऱ्याने थेट डिस्ट्रिब्यूटरमध्ये शिरते.

एका प्रसंगी मात्र वरचे काहीही करू नये. साखळी शहरात वाळवंटी नदीचे पाणी बाजारात शिरते, डिचोलीतही सखल भागात पाणी भरते. अशा पाण्यात गाडी उभी राहून एअर फिल्टरपर्यंत पाणी गेल्याची शंका असेल, किंवा पाण्यातून जाताना इंजिन अचानक बंद पडले असेल, तर सेल्फला हातही लावू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ फिरवला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खरोखरच इंजिन खोलावे लागते. अशी गाडी ढकलून कोरड्या जागी न्यावी, प्लग काढून आतले पाणी बाहेर काढून घ्यावे, आणि इंजिन ऑइलचा रंग दुधी झाला असेल तर ऑइल व फिल्टर बदलल्याशिवाय ती सुरू करू नये.

आता आपला शेवटचा प्रश्न. केवळ या तक्रारीसाठी गाडी विकू नये, कारण सकाळी सुरू न होणारी गाडी म्हणून तिला योग्य किंमत मिळणार नाही आणि तोच दोष दुरुस्त करायला त्या मानाने फारच थोडा खर्च येईल. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले असले तरी कॅप, रोटर, वायरी, प्लग यांसारखे भाग अजून मिळतात. म्हापसा किंवा फोंड्याच्या दुकानांत विचारताना गाडीचे साल आणि जुनी कॅप दोन्ही बरोबर न्यावे. विकण्याचा विचार करायचाच असेल तर तो वेगळ्या कारणावरून करावा : खालची चासी आणि फ्लोअर गंजून पोकळ झाली आहे का, ब्रेकच्या नळ्या गंजल्या आहेत का, हे गाडी वर उचलून एकदा पाहून घ्यावे. आपल्या हवेत पंचविशी उलटलेल्या गाडीचे खरे दुखणे तिथे असते, आणि तिथला पत्रा बोटाने दाबताच आत जात असेल तर इंजिन कितीही गोड चालले तरी यजमानांना त्या गाडीतून नेऊ नये.

बांबोळीची पुढची तारीख दुरुस्ती आणि फवारणीची परीक्षा होण्यापूर्वीच येत असेल तर त्या दिवसासाठी शेजारची गाडी किंवा टॅक्सी आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवावी; मिळालेली अपॉइंटमेंट गाडीच्या भरवशावर सोडू नये. मेस्त्रींकडे जाताना कार्बोरेटरचा विषय न काढता एवढेच सांगावे : गाडी ओली असतानाच अडते, सेल्फ जोरात फिरतो, वाळली की सुरू होते, कॅप, रोटर आणि वायरी पाण्याची फवारणी करून माझ्यासमोर तपासून द्या. तपासणीत काय आढळले आणि कोणता भाग बदलावा लागला, ते मला अवश्य कळवावे. फवारणीत यांपैकी कशातच गळती दिसली नाही, तर कॉइलच्या आतला दोष आणि इग्निशन स्विचपासून कॉइलपर्यंतची वायर या दोन जागा उरतात, आणि त्या कशा तपासायच्या ते आपले पत्र आल्यावर सविस्तर लिहीन.